पाण्याच्या दिवसाचे पोहे

"काका, आधी बसून घ्या," असं ती म्हणाली तेव्हाच मला तिचा राग आला. हे वाक्य मी स्वतः नोकरीत शेकडो लोकांना ऐकवलेलं आहे आणि ते ऐकल्यावर माणूस किती केविलवाणा दिसतो ते मला पक्कं माहीत आहे. मी उभाच राहिलो. बुधवारची दुपार होती. स्वयंपाकघरातल्या निळ्या ड्रमच्या तळाशी वीतभर पाणी उरलं होतं आणि उद्या गुरुवार, म्हणजे आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा दिवस. फोनवर डॉक्टर कहकशा होती, आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रातली. जेवढं तिचं वय तेवढी माझी नोकरी. ती म्हणाली, "तुमचे तीनही नमुने पॉझिटिव्ह आले, काका. टायफॉईडचे जंतू तुमच्या पोटात आहेत. तुम्हाला ताप नाही, काही नाही, पण जंतू आहेत. बहुतेक खूप वर्षांपासून." मी विचारलं, "दगडाबाईचं काय?" माझ्या तोंडून पहिला प्रश्न हा निघाला, आणि तो काळजीचा नव्हता. मला दगडाबाई, आमची धुणीभांडीवाली, पॉझिटिव्ह हवी होती. "त्या निगेटिव्ह आहेत. तीनही वेळा. पाण्याचा जारवालापण निगेटिव्ह," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मी नको म्हटलं होतं तुम्हाला, रिपोर्ट येईपर्यंत मुलांना काही करून देऊ नका. गेल्या गुरुवारी पोहे दिले नाहीत ना?" मी म्हणालो, "नाही." गेल्या गुरुवारी आठ मुलं माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून वाट्या चाटून गेली होती.

खोटं बोलायला मला काहीच जड गेलं नाही, याचं मला फोन ठेवल्यावर नवल वाटलं. मी आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांचा तिरस्कार केला. पाचोडला आरोग्य सहाय्यक होतो तेव्हा सरपंच बेधडक सांगायचे, सायेब, विहिरीत रोज पावडर टाकतो. मी खिशातली क्लोरीन तपासायच्या ओटी औषधाची बाटली काढायचो, नळीत पाणी घ्यायचो, दोन थेंब टाकायचो. पाणी पिवळं झालं नाही की सरपंचाचं तोंड पिवळं पडायचं. क्लोरीनचा पत्ता नसायचा. मग मी ग्रामपंचायतीच्या हातात पाणी धोक्याचं असल्याचं लाल कार्ड ठेवायचो आणि एक अक्षर न बोलता मोटारसायकलला किक मारायचो. त्या न बोलण्यात मला फार सुख होतं. बत्तीस वर्षं मी लोकांच्या नखांकडे, माठांकडे, माठात बुडणाऱ्या पेल्यांकडे पाहत आलो, आणि खरं सांगायचं तर मला लोकांची घाणच वाटत आली. त्यांचं काही भलं व्हावं म्हणून मी ते केलं असं म्हणवत नाही. ते चुकतात आणि मला ते दिसतं, एवढ्यावर माझं पोट भरायचं.

निवृत्त होऊन सिडकोत, एन-सहामध्ये, सुखनिवास नावाच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तरी माझा हा धंदा सुटला नाही. उलट इथली माणसं शिकलेली, त्यामुळे त्यांचा तिरस्कार करायला जास्त मजा येते. उशाशी जायकवाडीएवढं धरण, आणि नळाला पाणी आठवड्यानं. त्यावर यांचा उपाय काय, तर गाडी पाण्याच्या दिवशी धुवायची, म्हणजे धुतली हे सगळ्यांना दिसतं. पोराला ताप आला की दोन दिवस मोबाईलवर औषध शोधायचं, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात न्यायचं. तिथला डॉक्टर पोराच्या जिभेकडे पाहायच्या आधी विडालची, म्हणजे टायफॉईडच्या रक्ततपासणीची, चिठ्ठी फाडतो. गल्लीतली लॅब तासाभरात रिपोर्ट देते, त्यावर बाण काढलेले असतात, आणि आईबाप तो कागद ग्रुपवर टाकतात. खाली पंधरा लोक हात जोडतात. या शहरात विडालच्या हिशोबानं पाहिलं तर निम्मी पोरं कायमच टायफॉईडची आहेत. त्यातल्या कितींना खरा असतो आणि कितींना नुसता कागदावर, हे कुणाला जाणून घ्यायचंही नसतं. मनगटाला सुईची चिकटपट्टी लावलेली पोरं दप्तर घेऊन शिकवणीला जाताना मी रोज बाल्कनीतून पाहतो. मागे एका शाळेनं मला जागतिक हात धुवा दिनाला बोलावलं होतं. मी पाचवीच्या वर्गाला विचारलं, कुणाकुणाला टायफॉईड होऊन गेला? चाळीसातले सतरा-अठरा हात वर झाले, तेही हौसेनं. सहल कुठं कुठं गेली असं विचारल्यावर होतात तसे. एक पोरगा तर दोन्ही हात वर करून बसला, त्याला दोनदा झाला होता. बाई कौतुकानं हसल्या. मी त्या बाईंकडे असं पाहिलं की त्यांनी पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही. त्याच वर्गात मी साबण लावून हात धुण्याचे सहा टप्पे करून दाखवले होते. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं तळहातावर घासायची.

फोन ठेवल्यावर मी बेसिनपाशी गेलो आणि माझ्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ हात. नखं दर रविवारी कापलेली. आणि तरीही मला आठवलं ते असं की गुरुवारी सकाळी, नळ यायच्या आधी, ड्रममध्ये वीतभर पाणी असतं तेव्हा मी संडासातून आल्यावर अर्ध्या पेल्यात हात धुतो. साबण लावत नाही, कारण साबण लावला की फेस जायला दोन पेले लागतात. याचा मला अभिमान होता. वरच्या मजल्यावरचे लोक हात धुताना बादलीभर पाणी घालवतात, आणि मी अर्ध्या पेल्यात भागवतो, हे मी सोसायटीच्या सभेत बोलून दाखवलेलं आहे. लोकांनी माना डोलावल्या होत्या. त्यांना माझी भीती वाटते. भीतीला ते आदर म्हणतात आणि मीही त्याला आदरच म्हणत आलो.

पाण्याच्या दिवसाचे पोहे ही मालनची कल्पना. मालन म्हणजे माझी बायको, मालनबाई. गुरुवारी सकाळी साडेसहाला नळ येतो आणि तास-सव्वा तासात जातो. तेवढ्यात प्रत्येक घरातली बाई ड्रम, टाकी, कळशा, भांडी भरण्यात गुंतलेली, बाप मोटर आणि पाईपशी झटत असलेला, आणि पोरं उपाशीपोटी मधेमधे करणारी. पोरांच्या डब्याचं, खाण्याचं त्या दिवशी कुणालाच सुचत नाही. मालननं एका गुरुवारी सगळ्या पोरांना आमच्या घरात बोलावून दहीपोहे खाऊ घातले, आणि मग तो रिवाजच पडला. पोरं आपापली वाटी-चमचा घेऊन यायची. ती होती तोवर मी या प्रकाराला नाक मुरडत होतो. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. तेराव्यानंतरच्या गुरुवारी सकाळी बेल वाजली, दार उघडलं तर पाच पोरं वाट्या घेऊन उभी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की काकू गेल्या म्हणजे पोहेही गेले. मी त्यांना आत घेतलं. त्या दिवसापासून मी एकही गुरुवार चुकवला नाही. आदल्या दिवशी दूध उकळून विरजायचं, पोहे वीस मिनिटं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवायचे, फोडणी आधी करून गार करायची, पोरांना आंबट लागू नये म्हणून वरून दूध घालायचं आणि मग हातानं कालवायचं. चमच्यानं कालवलेल्या पोह्यांना चव येत नाही असं मालन म्हणायची. पाणी उकळलं, दूध उकळलं, भांडी उकळत्या पाण्यातून काढली. राहिला तो हात. माझ्या आयुष्यात प्रेमानं केलेली अशी ही एकच गोष्ट होती, हे मी कुणाजवळ बोललो नसतो, पण खरं आहे. सतरंजीवर ओळीनं बसलेली पोरं, दह्यानं माखलेले ओठ, आणि त्यात ती दुसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची तनुजा, दोन दात पडलेली, मिरचीचा तुकडा शोधून माझ्या तळहातावर ठेवणारी. त्या तासाभरात मला कुणाची घाण वाटत नसे.

आणि मालन होती तोवर बिल्डिंगमध्ये एकाही पोराला टायफॉईड झाला नव्हता. हे मला माहीत होतं. मी ते अनेकदा म्हणूनही दाखवलं, बिल्डिंग पूर्वीची राहिली नाही, भाडेकरू आले, वळण गेलं. तीन वर्षांत अकरा ताप आले. मी कॅलेंडरवर पाण्याचे दिवस निळ्या पेननं आणि ताप लाल पेननं मांडले. प्रत्येक लाल खूण निळ्या खुणेनंतर दहा ते चौदा दिवसांनी होती. मला केवढा आनंद झाला. नळाच्या पाण्यात गटार मिसळतंय याचा यापेक्षा धडधडीत पुरावा काय हवा? मी अर्ज केला, कॅलेंडरची झेरॉक्स जोडली. पाण्याचे नमुने तीनदा तपासले गेले, तीनदा चांगले आले, आणि मी त्या तपासणाऱ्यांना मूर्ख म्हणालो. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या गावात कोणताही ताप कोणत्या तरी पाण्याच्या दिवसानंतरच येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. कहकशा महिन्यापूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं कॅलेंडर पाहिलं आणि फक्त एवढंच विचारलं, "जी मुलं आजारी पडली नाहीत, ती पोहे खायला येतात का, काका?" तळमजल्यावरच्या दोघी बहिणींची शाळेची बस सव्वासहाला येते, त्या कधी येत नाहीत. त्यांना कधी तापही आला नव्हता. मी म्हणालो, योगायोग. आणि तिच्या पोरकट प्रश्नाला हसून मी स्वतःहून नमुना दिला, म्हणजे दगडाबाईला आणि जारवाल्याला लाज वाटायला नको. मोठेपणा दाखवायची एकही संधी मी कधी सोडली नाही.

कहकशा इतकी मागे लागली ती तनुजामुळे. जानेवारीत तनुजाला ताप आला. पहिल्या डॉक्टरनं विडाल केली, दुसऱ्यानं औषध बदललं, बाराव्या दिवशी तिच्या आतड्याला छिद्र पडलं. रात्रीतून ऑपरेशन झालं. बावीस दिवस ती दवाखान्यात होती. परत आली तेव्हा फ्रॉक खांद्यावरून घसरत होता आणि केसांत कंगवा घातला की पुंजका हातात यायचा. मी त्या बावीस दिवसांत फार चिडलेला होतो. कुणाला तरी धरल्याशिवाय माझा राग जाणार नव्हता. सेक्रेटरी सुदर्शन, विमा कंपनीत आहे, गळ्यात कायम ओळखपत्र, त्यानं पार्किंगमध्ये सभा घेतली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण या विषयातला माणूस मी. आणि मी दगडाबाईचं नाव घेतलं. ती बिल्डिंगमधल्या चार घरी धुणीभांडी करायची, माझ्याकडेही. मी शांतपणे, सभेला शोभेल अशा आवाजात सांगितलं की हिची नात सोनिया डिसेंबरात टायफॉईडनं आजारी होती, म्हणजे रोग हिच्या घरात आहे, वस्तीत टँकरचं पाणी, उघडी गटारं, आणि तेच हात आपल्या भांड्यांना लागतात. "सिद्ध झालेलं नाही," असंही मी म्हणालो, म्हणजे माझ्यावर काही येऊ नये. दुसऱ्या दिवशी चारही घरांनी तिला नको म्हटलं. ती माझ्या दाराशी उभी राहिली. "सायेब, तुम्ही तर मला वळखता," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "बाई, हा ओळखीचा प्रश्न नाही, आरोग्याचा आहे." हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं की मी ते दिवसभर मनात घोळवलं.

"तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही," कहकशा फोनवर म्हणाली होती. "तसा नियम आहे. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण औषध चार आठवडे घ्यायचं, मधे सोडायचं नाही. तुमच्या पित्ताशयात खडे आहेत असं तुम्हीच म्हणाला होता, जंतू तिथंच लपतात. कदाचित ते काढावं लागेल. कधी टायफॉईड झाला होता का तुम्हाला?" मी म्हणालो, आठवत नाही. हेही खोटं. ब्याण्णव साली पाचोडला एकवीस दिवस मुदतीच्या तापानं मी अंथरुणाला खिळलो होतो. मालन कपाळावर पट्ट्या ठेवायची आणि मी तिला बजावत होतो, कुणी विचारलं तर मलेरिया सांग. पाण्याला लाल कार्ड देणारा माणूस पाण्याच्या रोगानं पडला, हे तालुक्याला कळलं असतं तर सरपंचांनी हसून घेतलं असतं. रजेच्या अर्जावरही मी मलेरियाच लिहिलं. त्या एकवीस दिवसांतलं बाकी काही आठवत नाही, फक्त जिभेवरची कडू साय आणि छतावरच्या पत्र्याचा कडकडाट. कहकशाला ते पहिल्या भेटीतच सांगितलं असतं तर महिन्यापूर्वीच सगळं उलगडलं असतं. मी कुणाला वाचवत होतो? चौतीस वर्षांपूर्वीच्या एका फडतूस आरोग्य सहाय्यकाची अब्रू.

मी दुपारभर घरात फिरत राहिलो. गप्प बसणं सोपं होतं. उद्या दाराला कुलूप लावून खुलताबादला भाचीकडे निघून जायचं, चार आठवडे औषध घ्यायचं, पोहे बंद, तब्येत बरी नाही म्हणायचं. लोक केळी घेऊन भेटायला आले असते. पण गेल्या गुरुवारी आठ पोरांनी खाल्लं होतं. दहा ते चौदा दिवस. म्हणजे येत्या रविवारपासून त्यांच्यातल्या कुणाचं अंग तापलं तर त्यांचे आईबाप पुन्हा मोबाईल घेऊन बसणार, पुन्हा विडाल, पुन्हा बाण, पुन्हा बारावा दिवस. आणि त्या आठांत तनुजा होती. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदाच आली होती. आईनं तिच्यासोबत निरोप पाठवला होता, अर्धीच वाटी द्या. मी पाऊण दिली. मला बसावंसं वाटलं, आणि बसल्यावर पहिल्यांदा माझे हात मांडीवर कुठं ठेवावेत ते समजेना.

संध्याकाळी पाचला मी मुकुंदवाडीला गेलो. दगडाबाईचं घर मी कधी पाहिलं नव्हतं. वस्तीतली गटारं उघडी आहेत हे मी सभेत न पाहताच सांगितलं होतं. गटारं उघडी नव्हती. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि ती दारातल्या ड्रमवर फडकं बांधत होती, नीट, चारी बाजूंनी सुतळी आवळून. मला पाहून तिनं पदर सावरला, पण बसा म्हणाली नाही. सहा वर्षांची सोनिया उंबऱ्यात पाटी घेऊन बसली होती, केस बारीक कापलेले. मी उभ्यानंच सांगितलं. जंतू माझ्या पोटात आहेत, तुझ्या नाहीत. पोरांना ताप माझ्या हातचा आला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. मी दोन्हीसाठी तयारी केली होती, उत्तरं जुळवली होती. तिनं सुतळीची गाठ पूर्ण बांधली.

"मला पैल्या तपासनीचा कागद दिला व्हता डॉक्टरीनबाईनं, जंतू न्हाईत म्हनून," ती म्हणाली. "नेला म्या सेक्रेटरीकडं. त्यो म्हनला, बघू. काकांना इचारतो म्हनला." मला सुदर्शननं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, एका कागदानं काही होत नाही. ती पोरीकडे पाहत म्हणाली, "सोनीला ताप कशानं आला, तुमास्नी म्हाईत हाय का सायेब?" मी पोरीच्या बारीक कापलेल्या केसांकडे पाहिलं. "तुमच्याकडले उरलेले पोहे म्या डब्यात आनायची. तुम्हीच न्या म्हनलात. हितलं पानी लई वंगाळ म्हनून म्या पोरीला हितलं भायेरचं कायबी देत नव्हते. म्हनलं, सायेबाच्या घरचं हाय, उकळलेलं हाय, तेवढं खाऊ दे." हे तिनं आवाज न चढवता सांगितलं. आणि सभेत मी जो पुरावा म्हणून मांडला तो सोनियाचा ताप माझ्याच भांड्यातून गेला होता, हे मला तिच्या दारात उभं राहून कळलं. मला वाटलं, हिनं हे त्या दिवशी माझ्या दारात का नाही सांगितलं? लगेच कळलं की तिला सुचलंच नसणार. माझ्या हाताबद्दल असा संशय घेणं तिच्या डोक्यात बसणारच नव्हतं, इतकी वर्षं मी तिला कपबशी पुन्हा विसळायला लावत आलो होतो.

"मला माफ कर," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडाला नवा होता आणि तो वाईट वाजला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. विहिरीच्या काठावर नळीतलं पाणी पांढरंच राहिलं की मी सरपंचाकडे जसा पाहत असे, तशीच ती पाहत होती. "मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "चार घरं तुमच्या सबुदावर गेली. ज्यांच्या म्होरं बोललात, त्यांच्या म्होरं बोला. न्हाय बोलायचं तर जावा गपचीप. पर हितं येऊन नका बोलू." मग तिनं सोनियाला हाताला धरून आत नेलं आणि दार ओढून घेतलं. परत येताना रिक्षात मी हात खिशात घालून बसलो. दांडीला धरायचं मला धाडस झालं नाही.

गुरुवारी सकाळी साडेसहाला नळ आला. पार्किंगमध्ये नेहमीचा गोंधळ, मोटरींची घरघर, जमिनीवर पसरलेले हिरवे पाईप, कुणाचं तरी पाणी वाहून चाललेलं. मी खाली उतरलो तर जिन्यातच तीन पोरं वाट्या घेऊन वर येत होती. "काका, दार उघडंय?" मी म्हणालो, "आज नाही. खाली चला." ती हिरमुसून माझ्या मागून खाली आली. मी पार्किंगच्या मधोमध उभा राहिलो आणि सुदर्शनला म्हणालो, जरा सगळ्यांना बोलाव. तो म्हणाला, "काका, नळ जाईल." मी म्हणालो, "जाऊ दे." माझ्या आवाजाची या लोकांना सवय आहे; सहा-सात जण पाईप हातात धरूनच जवळ आले. तनुजाची आई जिन्याच्या पायरीवर कळशी ठेवून उभी होती, तनुजा तिच्या पुढ्यात. ही बाई सभांमध्ये कधी बोललेली मला आठवत नाही. मला तिचं नावही माहीत नव्हतं.

मी सांगितलं. अगदी सोप्या शब्दांत, शाळेत सांगायचो तसं. टायफॉईडचे जंतू माझ्या पोटात आहेत, मुलांना ताप माझ्या पोह्यांतून आला, पाण्यातून नाही, दगडाबाईच्या हातून तर नाहीच, तिला काढायला लावलं ती माझी चूक होती. रिपोर्टचा कागद मी समोर धरला. मला वाटलं, आता येईल. शिव्या, धक्काबुक्की, काय वाटेल ते. मला ते हवं होतं. सुदर्शन जवळ आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाला, "बघा, याला म्हणतात मोठं मन. बाईची रोजीरोटी गेली म्हणून काका स्वतःवर घेताहेत." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "काका, तुमच्याइतकं स्वच्छ आख्ख्या एन-सहात कुणी नाही, आम्हाला माहीत नाही का?" दुसरा म्हणाला, "लॅबवाले काहीपण रिपोर्ट देतात हो, आमच्याच पोराला तीनदा दिलाय." आणि तो हसला. मी म्हणालो, "अरे, हे विडाल नाही, ही कल्चर आहे, जंतू वाढवून पाहिलेली, तीनदा केलेली." सुदर्शन म्हणाला, "हो हो. आपण बघू नंतर. काका, तुम्ही वर जाऊन जरा पडा." ते एकेक करून पाईपांकडे वळले. इतकी वर्षं मी यांना पढवलं होतं की घाण म्हणजे दुसऱ्याची, गरिबाची, वस्तीतली. माझे विद्यार्थी इतके पक्के तयार झाले होते की आता खुद्द मास्तर उलटं सांगत होता तरी त्यांना खरं वाटत नव्हतं. त्या मूर्ख, पाणचट, भल्या चेहऱ्यांचा मला इतका संताप आला, आणि तो संताप ठेवायला आता माझ्याकडे जागाच नव्हती.

मी ओरडलो. माझा आवाज फाटला. "गेल्या गुरुवारीसुद्धा दिलेत मी. डॉक्टरनं नको म्हटलं होतं तरी दिले. आठ पोरं होती. त्यांना दोन आठवडे रोज ताप बघा, अंग तापलं तर सरळ आरोग्य केंद्रात न्या." मोटरींच्या आवाजात ते कितीजणांना ऐकू गेलं कुणास ठाऊक. सुदर्शन दुरूनच हसऱ्या चेहऱ्यानं हात हलवून हो हो म्हणाला.

जिन्याच्या पायरीवर तनुजाच्या आईनं कळशीवरचा हात काढला. ती माझ्याकडे पाहत होती, डोळे न हलवता. मग तिनं तनुजाच्या खांद्याला धरून तिला हळूच मागं ओढलं, स्वतःच्या पाठीशी घातलं आणि माझ्यात आणि पोरीमध्ये उभी राहिली. तनुजा आईच्या कमरेआडून वाकून माझ्याकडे बघून हसली; तिचा एक नवा दात अर्धा आला होता. आईनं न बघताच हातानं तिचं डोकं मागं केलं. या एका बाईला माझं खरं वाटलं होतं. मला रडू येईल अशी भीती वाटली.

"दगडाबाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

मी खिशातून फोन काढला, नंबर शोधला आणि फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. स्वतःचा फोन काढून ती एक पायरी वर सरकली.

"तिथूनच सांगा," ती म्हणाली. "मी लिहून घेते."

मी एकेक आकडा मोठ्यानं वाचला.